चेक लाइट लागली की आधी गाडीला विचारा: बाइकला स्कॅनर लावून घरच्या घरी दोष कसा शोधायचा

मीटरवर इंजिनाचा पिवळा दिवा लागला की दोनच सल्ले मिळतात. मित्र म्हणतो, "काही होत नाही, चालव बिनधास्त." गॅरेजवाला म्हणतो, "सेन्सर गेलाय, बदलावा लागेल." दोघांनीही गाडीला काही विचारलेलं नसतं. खरं तर दिवा लागला त्याच क्षणी गाडीने आपली तक्रार लिहून ठेवलेली असते. ती वाचायला लागतो एक छोटा ॲडॉप्टर, एक केबल आणि खिशातला मोबाइल.

पण तक्रार वाचली म्हणजे दोष सापडला, असं नाही. ईसीयूला, म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरला, सेन्सर दिसत नाही, कप्लर (तारांचा जोड) दिसत नाही, उंदराने कुरतडलेली तारही दिसत नाही. त्याला दिसतात फक्त तारेवरून येणारे व्होल्ट. ते अपेक्षेबाहेर गेले की तो कोड नोंदवतो. म्हणून कोड पार्टचं नाव सांगत नाही, सर्किट सांगतो. सर्किट म्हणजे सेन्सर, कप्लर, तार आणि अर्थिंग हे सगळं मिळून. एवढं लक्षात ठेवलंत तर निम्मे फुकटचे खर्च वाचतील.

तुमच्या गाडीला हे चालेल का?

१ एप्रिल २०२० पासून बीएस-६ हे प्रदूषणाचं मानक लागू झालं आणि नव्या दुचाकींतून कार्बोरेटर जवळजवळ हद्दपार झाला. फ्युएल इंजेक्शन आलं, त्याच्यासोबत ओबीडी, म्हणजे गाडीने स्वतःवर ठेवलेली पाळत. पहिल्या टप्प्यात ही पाळत मुख्यतः सेन्सरची सर्किटं तुटली किंवा शॉर्ट झाली का, एवढ्यापुरती होती. १ एप्रिल २०२३ पासून दुसरा टप्पा आला आणि १ एप्रिल २०२५ पासून त्याचा आणखी कडक भाग. त्यामुळे गाडी जितकी नवी, तितकी ती जास्त बोलते.

बीएस-६ च्या बऱ्याच गाड्यांना सहा पिनांचं कनेक्टर असतं, बहुतेकदा लाल. कारमध्ये असतं ते सोळा पिनांचं. म्हणून मध्ये एक जोडकेबल लागते, सहा पिनांवरून सोळावर नेणारी. सगळ्या कंपन्यांनी हेच कनेक्टर दिलंय असं समजू नका. पैसे देण्याआधी सीट काढून आपलं कनेक्टर डोळ्यांनी बघा, फोटो काढा आणि तो फोटो समोर ठेवूनच केबल मागवा.

२०२० आधीच्या एफआय, म्हणजे फ्युएल इंजेक्शनच्या, गाड्यांचं जरा वेगळं आहे. त्यातल्या काही साध्या ॲडॉप्टरशी बोलतच नाहीत, पण मीटरवरचा दिवा लुकलुकवून कोड सांगतात. होंडाच्या अनेक मॉडेलमध्ये लांब झपका म्हणजे दहा आणि छोटा म्हणजे एक. दोन लांब, एक छोटा म्हणजे २१, ऑक्सिजन सेन्सर. अशी गाडी असेल तर स्कॅनरवर खर्च करण्याआधी सर्व्हिस मॅन्युअलमधलं ते पान बघा. आणि कार्बोरेटरची गाडी असेल तर हा लेख तुमच्या कामाचा नाही.

काय घ्यायचं

बाजारात ईएलएम३२७ नावाने मिळणारे स्वस्त ब्लूटूथ ॲडॉप्टर बहुतांश नकला आहेत. ही मूळ चिप कॅनडातल्या ईएलएम इलेक्ट्रॉनिक्सची. गंमत म्हणजे 'आवृत्ती १.५' असं लिहिलेले ॲडॉप्टर ढिगाने विकले जातात आणि मूळ कंपनीने त्या आकड्याची आवृत्ती कधी काढलीच नव्हती. तरी नक्कल म्हणजे टाकाऊ, असंही नाही. कोड वाचणं, पुसणं आणि चालू आकडे बघणं एवढं बहुतेक नकला करतात. फक्त एक गोष्ट तपासा. गाडी के-लाइनवर (ईसीयूशी बोलायची जुनी पद्धत) बोलणारी असेल, तर काही अतिस्वस्त ॲडॉप्टरमध्ये त्यासाठीचा भागच बसवलेला नसतो आणि ते फक्त कॅन या नव्या पद्धतीवर चालतात.

आयफोन असेल तर साधं ब्लूटूथ ॲडॉप्टर चालत नाही, ब्लूटूथ लो एनर्जी किंवा वायफायवालं घ्या. ॲपमध्ये अँड्रॉइडवर कार स्कॅनर किंवा टॉर्क यांपैकी कोणतंही पुरतं, आयफोनवर कार स्कॅनर घ्या. लॅपटॉपवरच काम करायचं असेल तर यूएसबीवालं ॲडॉप्टर जास्त भरवशाचं, कारण जोडणी मध्येच तुटत नाही. बीएमडब्ल्यूसाठी जीएस-९११, केटीएम आणि ट्रायम्फसाठी ट्यूनईसीयू अशी खास साधनं आहेत. ती बरंच खोल जातात, पण गाडीच्या सेटिंग बदलण्याची ताकद त्यांच्यात आहे. सुरुवातीला वाचण्यापुरतंच वापरा.

स्कॅनरइतकाच गरजेचा एक साधा डिजिटल मल्टिमीटर आणि कॉन्टॅक्ट क्लीनरचा डबा. मल्टिमीटर नसेल तर कोड वाचून पुढे करायला फारसं काही उरत नाही.

जोडणी

कनेक्टर बहुधा सीटखाली, बॅटरीशेजारी किंवा साइड पॅनेलच्या मागे असतं, त्यावर रबरी किंवा प्लॅस्टिकचं टोपण असतं. ते सापडलं की:

१. चावी बंद असताना केबल लावा. पिना वाकड्या होऊ देऊ नका. बसत नसेल तर दिशा चुकली आहे.
२. आता चावी ऑन करा, पण इंजिन चालू करू नका. किल स्विच 'रन'वर हवा. काही गाड्यांत तो 'ऑफ' असला की ईसीयू बोलत नाही.
३. मोबाइलशी ब्लूटूथ जोडा. पिन विचारला तर १२३४ किंवा ०००० चालतो.
४. ॲपमध्ये प्रोटोकॉल 'ऑटो' ठेवा. जोडलं गेलं नाही तर हाताने कॅन, ११ बिट, ५०० केबीपीएस निवडून बघा, तरी नाही तर केडब्ल्यूपी, म्हणजे के-लाइनवाली पद्धत.

काम झालं की ॲडॉप्टर काढून ठेवा. कनेक्टरला कायम बॅटरीचा सप्लाय असेल तर ४० मिलिअँपिअर ओढणारं ॲडॉप्टर दिवसाला जवळपास एक अँपिअर-तास खातं. बाइकची बॅटरी बऱ्याचदा आठ अँपिअर-तासांच्या आसपास किंवा त्याहूनही लहान असते. कारमध्ये महिनाभर विसरलेलं ॲडॉप्टर कदाचित चालून जाईल, बाइकमध्ये आठवड्यात सेल मारणं बंद होईल.

कोड वाचताना

पहिला नियम: कोड दिसला की लगेच पुसू नका. स्क्रीनशॉट काढा. कोडसोबत 'फ्रीझ फ्रेम' दिसत असेल तर तीही जपा. दोष आला त्या क्षणी आरपीएम किती होता, इंजिन किती तापलं होतं, वेग किती होता, हे त्यात असतं. कोड पुसला की हे सगळं जातं आणि मग "कधी कधी होतं हो" एवढंच हातात उरतं.

कोडचं पहिलं अक्षर पी असेल तर इंजिन, सी असेल तर चॅसिस, त्यात एबीएस आलं. यू म्हणजे दोन कॉम्प्युटरांमधलं बोलणं तुटलंय. दुसऱ्या जागी शून्य असेल तर कोड सगळ्या कंपन्यांना समान, एक असेल तर कंपनीचा स्वतःचा. कंपनीच्या कोडचा अर्थ ॲप चुकीचाही सांगू शकतं, कारण ते दुसऱ्याच कंपनीची यादी वाचत असतं. तिथे मॅन्युअलच बघा.

आपल्याकडे वारंवार भेटणारे कोड फार नाहीत. पी०१०७ आणि पी०१०८ मॅप सेन्सरचे (इंजिनात जाणाऱ्या हवेचा दाब मोजणारा), पी०११२ आणि पी०११३ आत येणाऱ्या हवेच्या तापमानाचे, पी०११७ आणि पी०११८ इंजिनाच्या तापमानाचे, पी०१२२ आणि पी०१२३ थ्रॉटल पोझिशनचे (मूठ पिळून थ्रॉटल किती उघडला ते). अशा जोड्यांतला पहिला 'व्होल्ट फार कमी' म्हणतो आणि दुसरा 'फार जास्त'. हा फरक महत्त्वाचा आहे, पुढे तो कामाला येतो. शिवाय पी०१३१ ऑक्सिजन सेन्सरचा व्होल्टेज कमी, पी०२०१ इंजेक्टरचं सर्किट, पी०३०० मिसिंग (मधूनच पेट्रोल न जळणं), पी०३३५ क्रँक सेन्सर, पी०३५१ इग्निशन कॉइल, पी०५६२ सिस्टिमचा व्होल्टेज कमी.

एकदम पाच-सहा कोड दिसले तर घाबरू नका. पाच सेन्सर एका रात्रीत मरत नाहीत. आधी बॅटरीचे टर्मिनल, मुख्य अर्थिंग आणि फ्यूज तपासा. पी०५६२ त्या यादीत असेल तर बाकीचे सगळे बहुधा त्याचेच पाहुणे आहेत.

इंजिन बंद ठेवूनच करायच्या तपासण्या

हा भाग लोक वगळतात आणि मला तो सगळ्यात जास्त आवडतो. सकाळी, रात्रभर थंड झालेल्या गाडीवर, फक्त चावी ऑन करून चालू आकडे उघडा.

इंजिनाचं तापमान आणि आत येणाऱ्या हवेचं तापमान हे दोन्ही आकडे जवळजवळ सारखे हवेत, बाहेरच्या हवेइतके. दोन-तीन अंशांचा फरक चालतो. एक २४ आणि दुसरा ४१ दाखवत असेल तर कोड नसला तरी एक सेन्सर खोटं बोलतोय. (एअर-कूल्ड गाडीतही ॲप 'कूलंट'चं तापमान असंच लिहितं. नाव कारमधून आलेलं आहे, आकडा इंजिनाचाच.) आकडा उणे ४० असेल तर तो हवामानाचा नाही. ओबीडीच्या मोजमापात कच्च्या आकड्यातून ४० वजा करून तापमान दाखवतात, म्हणजे कच्चा आकडा शून्य असला की उणे ४०, हाच तळ. सर्किट उघडं पडलं की आकडा तिथे जाऊन बसतो.

मॅप सेन्सर इंजिन बंद असताना बाहेरच्या हवेचा दाब मोजतो. हा दाब उंचीवर अवलंबून असल्याने सेन्सर तपासायचं फुकटचं साधन हाती येतं. मुंबईत किंवा पणजीत आकडा १०० किलोपास्कलच्या आसपास हवा. पुणं समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरवर, तिथे सुमारे ९५. महाबळेश्वरला ८६ च्या जवळपास. लेहला गाडी नेलीत तर ६५ दिसेल आणि तेही बरोबरच. पावसाळ्यात एखाद्या किलोपास्कलने कमी भरतो. पुण्यात उभ्या गाडीत मॅप ८० दाखवत असेल तर ईसीयूला वाटतं आपण महाबळेश्वरपेक्षाही उंचावर आहोत, तो पेट्रोल कमी सोडतो, आणि तुम्ही पिकअप का मेला म्हणून प्लग बदलत बसता.

मग थ्रॉटल. मूठ पूर्ण सोडलेली असताना आकडा शून्यच हवा असं नाही, पण प्रत्येक वेळी तोच हवा. आता मूठ अगदी हळू पिळत पूर्ण उघडा आणि तशीच हळू परत आणा. आकडा न अडखळता चढायला आणि उतरायला हवा. ॲपमध्ये आलेख असेल तर तोच बघा. मध्ये एखादी दरी दिसली तर नेमक्या त्याच ठिकाणी रस्त्यावर गाडी झटका देते.

शेवटी कान. चावी ऑन केल्यावर पेट्रोल पंपाचा 'झूंऽऽ' आवाज दोन-तीन सेकंद येतो आणि थांबतो. तो आला नाही तर स्कॅनर बाजूला ठेवा, आधी पंपाचा फ्यूज आणि रिले बघा.

इंजिन चालू करून

मोकळ्या जागेत करा. बंद पार्किंगमध्ये किंवा शटर ओढून इंजिन चालू ठेवू नका, सायलेन्सरमधून येणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

व्होल्टेज: चावी ऑन, इंजिन बंद असताना साडेबाराच्या खाली असेल तर बॅटरी आधी चार्ज करा. सेल मारताना १० व्होल्टच्या बराच खाली कोसळत असेल किंवा ब्लूटूथ तुटत असेल तर बॅटरीवर संशय घ्या. इंजिन साधारण तीन-चार हजार आरपीएमवर नेलं की साडेतेरा ते पावणेपंधरा व्होल्ट दिसायला हवेत. पंधराच्या वर जात असेल तर आरआर युनिट (चार्जिंगचा व्होल्टेज आवरणारा रेग्युलेटर-रेक्टिफायर) बघा, ते बॅटरीही उकळवेल आणि ईसीयूही जाळेल. ॲपचा हा आकडा एकदा मल्टिमीटरने बॅटरीवर पडताळून घ्या. नकली ॲडॉप्टर दोन-चार दशांश इकडेतिकडे दाखवतात.

ऑक्सिजन सेन्सर: इंजिन नीट तापल्यावर बहुतेक गाड्यांत व्होल्टेज ०.१ ते ०.९ च्या दरम्यान खालीवर होत राहायला हवं. ०.४५ च्या खाली म्हणजे हवा जास्त, वर म्हणजे पेट्रोल जास्त. सतत खालीच पडून असेल तर सेन्सर बदलण्याआधी सायलेन्सरचं गॅस्केट आणि बेंड पाइपचा जोड बघा. तिथून बाहेरची हवा आत ओढली जाते आणि सेन्सरला मिश्रण पातळ वाटतं. सायलेन्सर बदलल्यानंतर पी०१३१ आला तर जवळजवळ नेहमी हेच असतं.

फ्युएल ट्रिम: ईसीयूने ठरल्यापेक्षा किती टक्के पेट्रोल वाढवलं किंवा घटवलं, तो हा आकडा. अधिक-उणे दहाच्या आत असेल तर सोडून द्या. अधिक वीस-पंचवीसला चिकटला असेल तर कुठून तरी फुकटची हवा आत शिरतेय किंवा पेट्रोल कमी पोहोचतंय. थ्रॉटल बॉडी आणि हेड यांच्यातल्या रबराला पडलेली चीर, दमलेला पंप, चोंदलेला इंजेक्टर, याच क्रमाने शोधा. इथे ई-२० पेट्रोलचाही विचार करा. शुद्ध पेट्रोलच्या एका किलोला जळायला सुमारे १४.७ किलो हवा लागते, वीस टक्के इथेनॉल मिसळलेल्याला साडेतेरा. म्हणजे तेवढ्याच हवेला पेट्रोल जास्त सोडावं लागतं. त्यामुळे कमी इथेनॉल धरून बनवलेल्या गाडीत ट्रिम काही टक्के अधिककडे सरकलेला दिसणं नवल नाही, तो दोष नाही.

कार्बोरेटरच्या काळातली एक समजूतही इथेच सोडून द्या. 'एअर फिल्टर चोंदला की गाडी पेट्रोल पिते.' मॅप सेन्सर फिल्टरच्या पुढे, इंजिनाच्या बाजूला बसलेला असतो. हवा कमी आली तर ते त्याला कळतं आणि पेट्रोलही कमी सोडलं जातं. चोंदलेल्या फिल्टरने आधी पिकअप मरतो. फिल्टर वेळेवर बदलाच, पण ट्रिमच्या गोंधळाचं खापर त्याच्यावर फोडू नका.

कोडवरून दोषापर्यंत: एक उदाहरण

भर जुलैत एका मित्राच्या ३५० सीसी गाडीत पी०११८ येत-जात होता. सकाळी स्टार्ट व्हायला त्रास, ॲव्हरेज घसरलेलं, आणि कोड पुसला की दोन दिवस सगळं ठीक. नव्या सेन्सरची किंमत त्याने विचारून ठेवली होती.

पी०११८ म्हणजे इंजिनाच्या तापमानाच्या सर्किटमध्ये व्होल्ट 'फार जास्त'. हा सेन्सर तापला की त्याचा रेझिस्टन्स कमी होतो, थंड झाला की वाढतो. ईसीयू त्याला पाच व्होल्ट देतो आणि किती उरले ते बघतो. व्होल्ट जास्त म्हणजे रेझिस्टन्स अफाट, म्हणजे बहुधा कुठेतरी तुटलंय. पी०११७ असता तर तार बॉडीला घासून शॉर्ट झाली का, ते आधी बघितलं असतं.

इंजिन तापवून मोबाइल टाकीवर ठेवला, ॲपमध्ये फक्त तो एक आकडा मोठा करून उघडला. ९२. मग वायरिंग एकेक वीत धरून हलवायला सुरुवात केली, हँडलजवळून मागे. टाकीखाली काही नाही. सेन्सरच्या कप्लरपाशी तार जरा बाजूला केली आणि आकडा ९२ वरून थेट उणे ४० वर. सोडली, परत ९२. इंजिन सेकंदात एवढं थंड होत नाही, त्यामुळे सेन्सर निर्दोष सुटला. कप्लर उघडला तर एका टर्मिनलवर हिरवा गंज आणि रबरी सील आत दुमडलेलं. वॉशिंगच्या प्रेशरचं पाणी तिथून आत जात होतं. कॉन्टॅक्ट क्लीनर मारला, टर्मिनल बारीक सुईने हलकेच घट्ट केलं, सील नीट बसवलं, डायइलेक्ट्रिक ग्रीसचा बोटभर लेप दिला. काम संपलं.

हलवून काही सापडलं नसतं तर पुढची पायरी अशी. चावी बंद करून कप्लर काढा आणि वायरिंगच्या बाजूच्या दोन टर्मिनलना तारेच्या तुकड्याने एकमेकांशी जोडा, मग चावी ऑन. आकडा उणे ४० वरून शंभराच्या पार उडी मारतो का? मारली तर तार आणि ईसीयू ठीक, सेन्सर खराब. नाही मारली तर तार मध्ये तुटली आहे, नवा सेन्सर आणून काही होणार नाही. हा प्रयोग फक्त दोन तारांच्या तापमान सेन्सरवर करायचा. मॅप, थ्रॉटल, ऑक्सिजन अशा तीन-चार तारांच्या सेन्सरवर अजिबात नाही, तिथे पाच व्होल्टचा सप्लाय थेट अर्थला जाऊन मोठं नुकसान होऊ शकतं. मल्टिमीटरची जाड पिनही टर्मिनलमध्ये खुपसू नका. टर्मिनल पसरतं आणि तुम्ही स्वतःच नवा दोष बनवून ठेवता.

कोड पुसणं

दुरुस्ती झाल्यावरच, चावी ऑन आणि इंजिन बंद असताना पुसा. मग थंड स्टार्टपासून तापेपर्यंत, गावात आणि मोकळ्या रस्त्यावर, अशी एक नीट फेरी मारा आणि 'पेंडिंग' कोड बघा. पेंडिंग म्हणजे ईसीयूला शंका आली आहे, पण दिवा लावण्याइतकी खात्री अजून नाही. काही न पुसताही, दोष गेल्यावर काही फेऱ्यांनी दिवा आपोआप विझतो.

पीयूसीच्या आदल्या दिवशी कोड पुसून उपयोग नाही. तिथे सायलेन्सरमधला धूर मोजतात, ईसीयू कोणी वाचत नाही.

दिवा सतत लागलेला असेल तर सावकाश घरी जाता येतं. गाडी मिसिंग मारतेय आणि दिवा लुकलुकतोय, अशी अवस्था असेल तर चालवू नका. न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरमधल्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन पेटतं आणि तो वितळतो. तो पार्ट सेन्सरपेक्षा कितीतरी महाग आहे.

स्कॅनरला जे दिसत नाही

व्हॉल्व्हचं क्लिअरन्स, क्लच प्लेट, चेनचा ताण, झिजलेला प्लग, कॉम्प्रेशन. यातल्या कशाचाही कोड नाही. गाडी मिसिंग मारत असेल आणि यादी रिकामी असेल तर प्लग काढून बघण्याला पर्याय नाही. साइड स्टँडचा आणि क्लचचा स्विच बिघडला की सेल लागत नाही आणि अनेक गाड्यांत तेव्हाही ॲप 'कोड नाही' म्हणतं. पार्किंगमध्ये कोणा पोराने किल स्विच दाबून ठेवलेला असणं, हा तर आपल्याकडचा सार्वत्रिक दोष, तो कोणत्याही यंत्राला सापडत नाही.

एबीएसचा दिवाही साध्या ॲपच्या आवाक्याबाहेर असतो, कारण ते इंजिनाच्या ईसीयूशीच बोलतं. चाकाजवळचा स्पीड सेन्सर आणि त्याची भोकांची चकती पुसून, चाक फिरताना दोघांमधली फट सारखी राहते का, एवढं घरी बघा. त्यापुढे एबीएस युनिट उघडणं किंवा त्यातली हवा काढणं घरी करू नका, त्याला कंपनीचंच यंत्र लागतं. वॉरंटीतली गाडी असेल तर कुठेही तार कापू नका, सोलू नका. कोडचा स्क्रीनशॉट घेऊन सर्व्हिस सेंटरला जा आणि जॉब कार्डवर तो कोड लिहून घ्या. "चेक लाइट लागते" असं मोघम लिहिलेल्या कार्डापेक्षा "पी०१२२, थंड इंजिन, आयडलिंगला" असं लिहिलेल्या कार्डावर उत्तर द्यावंच लागतं.